बेट बंद, पाणबुड्या चौसाळ्यात

मी पाणबुड्या आहे, हे चौसाळ्यात कुणाला नीट पटवून देणं मला अजून जमलेलं नाही. आमच्याकडं पाणबुडी म्हणजे बोअरमध्ये सोडायची मोटर. माय सोयऱ्यांना सांगायची, "आमचा पोरगा अंदमानात पाणबुडीचं काम करतो." सोयरे विचारायचे, "किती एचपीची?"

आमचं घराणं मेंढरांचं. चुलता अजून कळप राखतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणीच काठी सोडली आणि हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं. पत्र्याचं शेड, हवेचं मशीन आणि पाण्याचा टब. त्या टबात ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हे मी शाळेत असल्यापासून करत आलो. पुढं हॉटेलात नोकरी लागली म्हणून अंदमानातल्या एका बेटावर गेलो. तिथं सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्यानं फुकट समुद्राखाली नेलं. वर आलो आणि हॉटेलची नोकरी सोडली. टबातून समुद्रात गेलो, बुडबुडे तेच राहिले, एवढीच माझी प्रगती.

त्याच बेटावर जन्मलेली एक बाई माझी भागीदार. तिचे आजोबा बंगालातून येऊन तिथं वसले होते. बोट तिची, समुद्राची जाण तिची आणि पाहुण्यांशी गोड बोलणं माझं. दुकान लहानसं. नारळाखाली एक खोली, सिलिंडरांत हवा भरायचा एक कॉम्प्रेसर, आणि माझ्यासारखाच पाहुण्यांना खाली नेणारा गोव्याचा एक गडी. पाहुण्याच्या पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, तोंडात नळी द्यायची, हाताला धरून खाली न्यायचं, प्रवाळ दाखवायचे, फोटो काढायचे आणि जिवंत वर आणायचं. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं थोडं मागंपुढं झालं तरी चालतं.

मार्च म्हणजे या धंद्याचा भर. तरी मी मार्चात गावाला आलो. चुलतबहिणीचं लग्न होतं, हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे मला मिरवायचं होतं. आमचे दोन सिलिंडर चेन्नईला तपासणीला गेले होते. दर काही वर्षांनी ते दाबाखाली तपासून घ्यावे लागतात. तपासून झाले की एजंटाच्या गोदामात राहू द्यायचे आणि परतताना उचलायचे, असं ठरलेलं. मी ते रिकामे सिलिंडर रेल्वेनं परळीपर्यंत आणि तिथून जीपच्या टपावर बांधून गावात आणले. सोबत रबरी सूट, पाण्याखालचा चष्मा आणि पायात घालायचे पंखे. भागीदारानं फोनवर विचारलं, "लग्नात बुडणार आहेस का?" आता तिला काय सांगू, की गाव इतकी वर्षं मला मोटरवाला समजतंय, निदान सामान तरी दाखवू दे.

पिवळेधमक सिलिंडर मी मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवले आणि शेजारी उभा राहिलो. पाव्हणे येत, बोटानं टकटक वाजवत, आणि पुढं जेवायला जात. एकानं विचारलं, "गॅस कोन्त्या कंपनीचा?" दुसऱ्यानं खालच्या आवाजात चौकशी केली, की नवरदेवानं मागून घेतलेत का. फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. समुद्र, प्रवाळ, कासवं. शेवटी म्हणाला, "म्हंजी पैसे दिऊन लोक पान्यात बुडत्यात आन तू त्यास्नी काढतूस." माझ्या व्यवसायाची इतकी आटोपशीर व्याख्या मला आमच्या जाहिरातीतही जमली नव्हती.

लग्न लागलं. परतीचं तिकीट खिशात होतं आणि देश बंद झाला.

सुरुवातीला मी फार धीराचा माणूस होतो. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं सगळ्यांना सांगत होतो. रेंज फक्त गच्चीवर यायची, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी बेटावरचा धंदा चालवायला घेतला. बुकिंग केलेल्यांचे फोन येत. त्यांना आगाऊ दिलेले पैसे परत हवे होते, आणि ते पैसे आम्ही हंगामाच्या तयारीत केव्हाच घालवलेले. मी मधाळ आवाजात सांगायचो, "तारीख पुढं ढकलू या ना." एका नवऱ्या मुलानं सांगितलं, "अहो, आमचं लग्नच पुढं गेलंय, आणि ती आता नाही म्हणतीय." त्याच्याशी मी बराच वेळ बोललो. पैशाचा विषय निघाला नाही. शेवटी त्यानं मला, एवढा वेळ दिल्याबद्दल, धन्यवाद दिले.

तिकडं भागीदार एकटी. जहाजं बंद, पाहुणे नाहीत, आणि बंद पडलेलं दुकान म्हणजे काय ते ती रोज शिकत होती. मला वाटायचं, दुकान बंद म्हणजे कुलूप लावलं की झालं. पण समुद्राकाठी बंद ठेवलेली वस्तू स्वतःच खराब व्हायला लागते. बोट वर ओढली की उन्हानं फळ्या वाळतात आणि फटी पडतात, म्हणून तिच्यावर रोज बादल्यांनी पाणी मारावं लागे. कॉम्प्रेसर न चालवता ठेवला तर आत ओल धरतो, म्हणून आठवड्याला तो सुरू करायचा, हवा भरायची आणि तीच हवा सोडून द्यायची. सुटांना बुरशी आली. तोंडात धरायच्या रबरी तोट्या उंदरांनी कुरतडल्या. "अपना दुकान अब चूहे चला रहे हैं," ती म्हणाली, आणि वर म्हणाली की ते तुझ्यापेक्षा वेळेवर येतात.

मी इकडून व्यवस्थापन करत होतो. म्हणजे सूचना देत होतो. एकदा तिघांची फोनवर मीटिंग बोलावली. भागीदार बोटीच्या टपावर बसलेली, कारण तिथंच रेंज. गोव्याचा गडी कसाबसा एका जहाजानं घरी पोचला होता आणि भावाच्या बेकरीत कणीक मळता मळता बोलत होता. मी म्हटलं, संकटात संधी शोधली पाहिजे. जुने रबरी सूट कापून तोंडाला बांधायचे मास्क करू. मग भागीदार म्हणाली, "रोगानं मरायच्या आधी लोक तुझ्या मास्कनं मरतील." गोव्याच्या गड्यानं सांगितलं, की पाव भट्टीत आहेत, आणि फोन ठेवला. तो परत धंद्यात आलाच नाही. अजून पाव भाजतो. फोटो पाठवतो, पाव चांगले दिसतात.

शेवटी मला अक्कल देण्यापेक्षा तिनं स्वतःच मार्ग काढला. आजूबाजूच्या बेटांवरून भाजी आणायची परवानगी मिळवली आणि आमची बोट भाजीला लावली. जिथं पाहुणे बसायचे तिथं भोपळे आणि केळीचे घड. मी विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "भोपळा बरा. शार्क चावेल का, असं विचारत नाही."

माझाही धंदा बदलला होता. हायवेवरून दूध, भाजी, औषधांच्या गाड्या जात होत्या आणि त्यांची चाकं बंदीतही पंक्चर होत होती. अण्णांच्या दुकानाला परवानगी मिळाली. मी टबापुढं स्टुलावर बसलो. प्रवाळ दाखवून लोकांची वाहवा घेणारा मी, आता ट्रकवाल्याला म्हणायचो, "हे बघा, इथून येतायत बुडबुडे." तोही वाकून बघायचा आणि समाधानानं मान हलवायचा. खोटं कशाला बोलू, काही पाहुण्यांपेक्षा हे लोक जास्त मन लावून बघत.

सिलिंडर अण्णांनी दुकानाच्या दाराशी दोन बाजूंना उभे केले होते, देवळापुढच्या दीपमाळांसारखे. एक दिवस त्यांनी विचारलं, "ह्या टाक्या रिकाम्याच कावून ठिवल्यास? आन हिकडं. भरून देतो."

"अण्णा, ह्यात आपली हवा चालत न्हाई."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हंजी?"

"आपल्या मशीनच्या हवेला तेलाचा वास असतो. माणसाच्या छातीत जाणारी हवा लई साफ लागती. आन दाब बी—"

"टरकाला चालती, जेशीबीला चालती, आमदाराच्या गाडीला चालती. तुझ्या गिऱ्हाइकाला न्हाई चालत?"

"अण्णा, गिऱ्हाईक ती नाकातोंडानं घेतंय ना."

"मंग टायर काय नाक दाबून बसतंय?"

त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवताना माय मला ताट वाढत म्हणाली, "जन्मभर ज्या हवेवर तुमाला पोसलं, तिला नावं ठिवलीस." मी भाकरी गिळली. दुसऱ्या दिवशी मी एका टेम्पोचं चाक भरत असताना अण्णा मागून आले, टेम्पोवाल्याला म्हणाले, "तुला वास येतोय का रं हवंचा?" टेम्पोवाला गोंधळून न्हाई म्हणाला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मग बोलायला लागले.

त्यानंतर शेततळ्याचं प्रकरण झालं. ते गाव अजून सांगतं, तेव्हा माझ्या तोंडूनही एकदा होऊन जाऊ द्या.

आत्याची मोसंबीची बाग आहे आणि बागेला पाणी द्यायला शेततळं आहे. उतरत्या बाजूंच्या खड्ड्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यात पाणी साठवायचं. माझ्या डोक्यात आलं, की बुकिंगवाले पाहुणे एकेक करून सुटत चाललेत, त्यांना धरून ठेवायला घरबसल्या धडे द्यावेत. पाण्याखालच्या हाताच्या खुणा, श्वास कसा घ्यायचा, चष्म्यात पाणी शिरलं तर काय करायचं, याचा व्हिडिओ करू. समुद्र नाही तर नाही, पाणी तर आहे.

मी भर दुपारी रबरी सूट चढवला. उन्हात तो चढवणं म्हणजे सोललेल्या वांग्यानं स्वतःला सालीत परत घालण्यासारखं आहे. मोबाइल कॅमेरा आत्याच्या सुनेच्या हातात दिला. पायात पंखे घालून उलटा चालत पाण्यात उतरलो, कारण पंखे घालून सरळ चालता येत नाही. पलीकडं चुलत्याचा कळप पाण्याला आला होता. मेंढरं एका ओळीत उभी राहून बघत होती. मी कॅमेऱ्याकडं बघून म्हटलं, "नमस्कार! पाण्यात पहिला नियम म्हणजे घाबरायचं नाही."

धडा चांगला झाला. खुणा झाल्या, श्वास झाला, चष्म्यातलं पाणी काढून दाखवलं. मग बाहेर यायला निघालो आणि घसरलो. परत निघालो, परत घसरलो. तो कागद इतका बुळबुळीत होता की वर चार बोटं सरकलो की हातभर खाली यायचो. पंखे काढले, अनवाणी प्रयत्न केला. गुडघ्यांवर, मग पोटावर. आत्याची सून कॅमेरा धरून उभी. ती म्हणाली, "भावजी, हे बी धड्यात हाय का?"

"बंद कर तो!"

"कसा करायचा?"

तिला खरंच माहीत नव्हतं, की ती मजा घेत होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मला धापा लागल्या. शेततळ्यात माणसं बुडतात ती अशीच, पोहता येऊनही, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं आणि पहिला नियम मोडला. मी ओरडलो. चुलत्यानं कळप तसाच सोडला, काठाच्या खुंट्याला दोर बांधला आणि माझ्याकडं फेकला. वरून तो मला मेंढरू ओढावं तसा ओढत होता आणि तोंडानं तसाच आवाजही काढत होता. सवय. मी काठावर येऊन पालथा पडलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "समुद्राला कागद नसतो का?"

मी तो व्हिडिओ भागीदाराला पाठवला, शेवटचा भाग काप म्हणून. तिनं पहिला भाग कापला आणि शेवटचा आमच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, "आमचे अनुभवी प्रशिक्षक." मी इतका चिडलो की दोन शब्द बोलून फोन आपटला. पण झालं असं, की तो व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवू लागले आणि बुकिंगवाल्यांचे निरोप यायला लागले. पैसे राहू द्या, आम्ही नंतर येऊ. एकीनं लिहिलं, "तुम्ही लोक खरे वाटता." बागेच्या मालकिणीनं, म्हणजे आत्यानं, तळ्याच्या चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर कायमचे सोडले. गावात मला बघून पोरं मेंढरासारखी ओरडायची. मोटरवाला हे नाव मात्र गेलं.

मधे एकदा बेटं उघडली. मी तिकिटाची जुळवाजुळव करेपर्यंत दुसरी लाट आली आणि सगळं परत बंद. या वेळी मी कुणाला थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं सांगितलं नाही. चौसाळ्यातही आता रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचं ऐकू येत होतं.

एका सकाळी शेजारच्या गावचा एक माणूस मोटरसायकलवर आला. मेंढरंच राखायचा, चुलत्याच्या ओळखीचा. गाडी स्टँडला न लावता आडवीच टाकली आणि दारातला एक सिलिंडर दोन्ही हातांनी धरला.

"दादा, ह्ये मला द्या. मायला लई दम लागलाय. डाक्टर म्हन्ले शिलेंडर बगा."

मी म्हटलं, "ह्यात ऑक्सिजन न्हाई."

"मंग काय हाय?"

"काहीच न्हाई. रिकामा हाय. आन भरलेला असता तरी साधी हवा असती, आपण घेतो तीच."

"सादी हवा?" तो माझ्याकडं बघत राहिला. "मंग समुद्रात लोक मरत कावून न्हाईत?"

मी त्याला सांगायला लागलो. खाली जाणाऱ्याची छाती धडधाकट असते, त्याला साधी हवा पुरते. तुझ्या आईच्या छातीला जास्तीचा ऑक्सिजन हवा. सगळं बरोबर सांगत होतो आणि खोटं बोलत असल्यासारखं वाटत होतं. तो ऐकत होता, पण हात काढत नव्हता. मी तो सिलिंडर त्याच्या हातातून सोडवला. सोडवताना तो दाराला लागून पोकळ वाजला. तो किती रिकामा आहे हे त्याच्याही लक्षात आलं आणि त्यानं हात खाली घेतले. लग्नाच्या मांडवात मी याच सिलिंडराशेजारी छाती काढून उभा होतो.

अण्णा आतून बाहेर आले. म्हणाले, "शाळंत इचार की. पोरांनी गोळा केल्यात म्हनं."

शाळेच्या खोल्यांत गावातल्या पोरांनी वर्गणीतून खाटा आणि थोडे ऑक्सिजनचे सिलिंडर जमवले होते. मी फोन केला. तिथली नर्स म्हणाली, की सगळे लागलेत. एक भरलेला आहे, पण तोंडाशी शिट्टी वाजते, गळतो, म्हणून बंद करून बाजूला ठेवलाय. दुरुस्तीवाला यायला तयार नाही.

गळती. साऱ्या जगात मला येणारी ती एकच गोष्ट.

मी त्या माणसाला आईला जीपनं शाळेत आणायला सांगितलं आणि स्वतः अण्णांच्या मोटरसायकलवर निघालो. अण्णा पान्यांची पिशवी घेऊन मागं बसले. शाळेच्या दारात मी त्यांना थांबवलं. "अण्णा, तुमी हात लावू नका. ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो." मला वाटलं, आता परत अबोला. पण ते सरळ हापशावर गेले. निरमा मागून घेतला. कोपरापर्यंत हात घासले, धुतले, परत घासले. मग एकेक पाना तसाच घासला आणि उन्हात पुसून वाळवला. हात माझ्यापुढं धरले. बोटांच्या रेघांत काळं तसंच होतं.

"ह्या रेघा न्हाईत निघायच्या," ते म्हणाले. "तूच कर. मी लांबून बगतो."

तोवर शाळेतली पोरं भोवती जमली होती. इतक्या दिवसांनी मला श्रोते मिळाले होते. मी सिलिंडरावर हात ठेवला आणि दाब म्हणजे काय इथून सुरुवात केली. अंबाजोगाईला शिकून आलेली एक तरुण डॉक्टर तिथलं सगळं एकटीनं बघत होती. ती पलीकडून म्हणाली, "काका, समुद्र नंतर. आधी शिट्टी बंद करा."

काका! मी जोडणी उघडली. वायसर झिजलेला होता. शाळेतल्याच एका संपलेल्या ऑक्सिजन सिलिंडराच्या जोडणीतला चांगला काढून बसवला, आवळला आणि उघडला. शिट्टी नाही. खात्रीसाठी निरम्याचं पाणी वरून ओतलं आणि खाली वाकलो. अण्णाही लांबून वाकले. बुडबुडा आला नाही.

त्या माणसाच्या आईला जीपमधून खाटेवर उतरवलं. ती माझ्या मायच्या वयाची होती, हिरव्या लुगड्यातली, डोळे उघडे, पण कुणाकडंच न बघणारे. नळी लावली. थोड्या वेळानं तिनं मान वळवली आणि मुलाला विचारलं, "मेंढरं कुनाजवळ सोडली?" तो तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. दुसऱ्या दिवशी तिला अंबाजोगाईत खाट मिळाली आणि काही दिवसांनी ती घरी आली.

त्यानंतर मी शाळेतच असायचो. वायसर बदलायचो, काटा कसा वाचायचा ते घरच्यांना शिकवायचो, सिलिंडराजवळ बिडी ओढणाऱ्यांना हाकलायचो. भाषण केलं नाही. सगळे घरी गेले नाहीत. एका खाटेवरचा मास्तर मला रोज विचारायचा, की कासव पाण्याखाली किती वेळ राहतं, आणि एका सकाळी खाट मोकळी होती. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

ती म्हातारी बरी झाल्यावर मुलासोबत दुकानात आली. तिनं मला घोंगडी दिली, जाड, काळी, घरच्या लोकरीची. मी म्हटलं, "मावशी, तिकडं लई गरम असतं."

"पान्यात गार लागत आसंल की," ती म्हणाली.

बेटं खरोखर उघडली तेव्हा मी निघालो. दोन सिलिंडर, सूट, पंखे आणि घोंगडी. विमानतळावर तपासणीवाल्यानं घोंगडी उलगडून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि परत गुंडाळून दिली.

भागीदार जेट्टीवर उभी होती. केस पांढरे झालेले आणि हात माझ्या वडिलांच्या हातांसारखे. दुकान ती म्हणाली होती त्यापेक्षा बरं होतं. कॉम्प्रेसर पहिल्या दमात सुरू झाला. सूट निम्मे गेले होते. शेजारची दोन दुकानं कायमची बंद झाली होती. त्यांच्या मालकांपैकी एकजण मुख्य भूमीवर निघून गेला होता. दुसऱ्याशी तिनं आधीच बोलून ठेवलं होतं. यापुढं त्याची माणसं, आमची बोट, एकच दुकान. मला तिनं विचारलं नव्हतं. मी रागवायच्या तयारीत होतो, पण तिनं हिशोब न दाखवता नुसतं विचारलं, "तू असतास तर काय केलं असतंस?" मी विचार केला. मीटिंग बोलावली असती.

पहिले पाहुणे आले ते पुण्याचं एक कुटुंब. नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलगी. मुलगी मला बघून आईच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी तोंडावर हात धरून हसल्या. व्हिडिओ तिथंवर पोचलेला होता. मी सूट घालायला आत गेलो. पाठीची चेन वर जाईना. दीड-दोन वर्षांच्या भाकरी आणि स्टूल. भागीदारानं पाठीला गुडघा लावून ती ओढली. मला श्वास अर्धाच घेता येत होता, तरी मी बाहेर येऊन नेहमीच्या रुबाबात उभा राहिलो.

बोट खाडीबाहेर पडली आणि लाटा लागल्या. मी उभ्यानंच पाहुण्यांना सूचना द्यायला सुरुवात केली. क्षितिजाकडं बघा, दीर्घ श्वास घ्या, पोटात कसंतरी झालं तर लाजू नका, सांगा. एवढं सांगेपर्यंत माझ्याच पोटात कसंतरी झालं. इतक्या दिवसांत मी पंक्चरच्या स्टुलाखेरीज कशावर बसलो नव्हतो, आणि स्टूल हलत नाही. मी बोटीच्या कडेला गेलो, वाकलो आणि सकाळचा नाश्ता समुद्राला दिला. दोन वेळा. तिसऱ्या वेळी देण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी वाकलेला राहिलो, कारण वळून तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

पाठीवर कुणीतरी हात फिरवत होतं. पुण्याच्या काकू. त्यांनी पर्समधून आवळासुपारीची डबी काढली, माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवली आणि म्हणाल्या, "होतं हो असं पहिल्यांदा. घाबरू नका, आम्ही आहोत ना."

बोटीच्या सुकाणूपाशी बसलेली भागीदार समोर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मी सुपारी तोंडात टाकली आणि उरलेला प्रवास काकूंच्या शेजारी बसून केला.